नारळी पौर्णिमेची खूण

आमच्या बाबाला घड्याळ कळायचं, पण पटायचं नाही. घड्याळ सगळ्या दिवसांना सारखंच वागवतं आणि पाणी तसं वागवत नाही, हे त्याचं मुख्य गाऱ्हाणं. त्याचा कारभार भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीवर चालायचा. तिथीची पाऊणपट काढायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आमच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही येतं, त्यात बाबाचं कौतुक नाही. (आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, म्हणून इथेही करत नाही. कुणाला खटकलं तर खटको.)

कौतुक पुढच्या गोष्टीचं होतं. आमचं गाव दातिवरे वैतरणेच्या मुखाशी आहे आणि त्या मुखात पाण्याखाली रेतीचा एक दांडा आहे. भरलेली बोट त्यावरून आत आणायची तर नुसती भरतीची वेळ कळून भागत नाही. भरतीच्या किती आधी दांड्यावर पुरेसं पाणी चढतं, ते कळावं लागतं. उधाणाच्या दिवसांत ते वेगळं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास पाणी अंग चोरतं तेव्हा वेगळं. शिवाय दर पावसाळ्यात रेती थोडी सरकते, म्हणजे गेल्या वर्षीचं शहाणपण यंदा अर्धं शिळं.

बाबा तांडेल होता, बोटीचा मुख्य. नारळी पौर्णिमेच्या आधी चार-पाच दिवस तो सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर उकिडवा बसायचा, पाणी बघायचा आणि मग घरी येऊन सांगायचा, यंदा अष्टमीला इतकं थांबा, पुनवेला इतकं. नारळ वाहिला की तो शब्द वर्षभराचा. तांडेलाचा शब्द पाण्यावर कुणी मोडत नाही. आणि आमच्या घरचा दुसरा नियम, नारळ वाहिल्यावर बोटीला हातोडी लावायची नाही. फळी बदलणं, खिळा ठोकणं, रंग देणं, सगळं आधी उरकायचं.

त्या घरातली शिकलेली मी. पालघरला कॉलेज केलं, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदीच्या मध्यावर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात चिकटले. कुंभवलीत दोन मुलींबरोबर खोली घेतली. आई मी आठ वर्षांची असतानाच गेली होती. घर आत्या सांभाळायची, बाबाची थोरली बहीण, जिभेने तिखट आणि हाताने मऊ. दादा बाबाच्या हाताखाली बोटीवर होता. नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा बाबाने विचारलं, "कंपनीत काय करतेस?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर बसते." तो म्हणाला, "बसतेस ना, मंग बरं हाय." उभ्या आयुष्यात त्याने माझ्या कामाची याहून जास्त चौकशी केली नाही.

विभागात एक वऱ्हाडी सर होते, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांना उघड्या सॉफ्टवेअरचं वेड होतं. चोरून कॉपी केलेलं नव्हे, ते तर तेव्हा गल्लोगल्ली होतं. लिहिणाऱ्यांनीच उघडं ठेवलेलं, आतली ओळ न् ओळ वाचता येईल, बदलता येईल, दुसऱ्याला देता येईल असं. अट एवढीच, की तुम्ही सुधारलंत तर सुधारलेलंही उघडं ठेवायचं. सर हे सांगताना हरखून जायचे आणि मला नवल वाटत नाही म्हणून हिरमुसायचे. नवल कसलं? आमच्याकडे पाण्याचं ज्ञान असंच चालत आलंय. मासळी कुठे लागते ते मात्र कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही, तो भाग वेगळा.

त्यांनी मला आवृत्त्या सांभाळायला शिकवलं. त्यासाठी एक प्रोग्राम होता. फाइल बदलून त्याच्या ताब्यात दिली की तो जुनी पुसत नसे. आधीची, तिच्या आधीची, अगदी पहिली, सगळ्या राखून ठेवायचा आणि दर वेळी विचारायचा, काय बदललं? तिथे एखाददुसरी ओळ नोंद लिहावी लागे. आणि सगळं नीट जमलंय, आता हे लोकांच्या हातात द्यावं, असं वाटलं की त्या आवृत्तीवर नावाची खूण ठोकायची. लोकांनी खुणेची आवृत्ती वापरायची. आपण आत काहीही उलटापालट करावी, पुढच्या खुणेपर्यंत बाहेर कुणाला तोशीस नाही.

"आणि एकदा ठोकलेली खूण सरकवायची नाही," सर म्हणाले. "काही झालं तरी."

"माहीत आहे. नारळ वाहिल्यावर हातोडी नाही," मी म्हटलं. मग त्यांना ते समजावून सांगण्यात सगळी जेवणाची सुट्टी गेली.

त्याच हिवाळ्यात बाबा बोटीवरून उतरताना घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण बोट सुटली. दादा तांडेल झाला. बाबा काठी टेकत ओट्यावर येऊन बसे, कॅलेंडर बघे आणि पुन्हा आत जाई. वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या शब्दावर बोट आत आली, त्याच्या शब्दाला आता आमटीत मीठ कमी आहे की नाही एवढ्यापुरतंच गिऱ्हाईक उरलं होतं. मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दादाला निम्मंच येत होतं. बाकीचं सगळं बाबाच्या डोक्यात, आणि ते डोकं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. बाबाबरोबर त्याचं पाणी जायला नको, एवढंच मला हवं होतं. आयुष्यात इतक्या हट्टाने मी दुसरं काही मागितलेलं नाही.

म्हणून मी प्रोग्राम लिहिला. तारीख द्या, तो तिथी काढणार, तिथीवरून भरती, आणि त्यावर बाबाच्या दुरुस्त्या लावून दांडा ओलांडायची वेळ. दर रविवारी मी बोईसरहून रेल्वेच्या शटलने सफाळ्याला आणि तिथून एसटीने घरी जायची, बाबासमोर वही घेऊन बसायची, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलेलं प्रोग्राममध्ये घालायची. त्या मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून नोंदी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेल्या, पण बाबाच्याच तोंडच्या. "बाबा म्हनतो, सप्तमीला घाई करनारा रेती खातो." "बाबा म्हनतो, पुनवेला पानी आंदळं असतं, धावत येतं, त्याच्या फुडं पळू नको."

सुरुवातीला तो सांगेना. "तुजं मशीन काय पान्यात उतरनार हाय?" मग एका रविवारी मी मागच्या महिन्याच्या वेळा छापून नेल्या. आमच्या कॅलेंडरवर दादा रोज बोट आत आल्याची वेळ पेन्सिलीने खरडायचा, दुधाच्या लिटरांच्या शेजारी. बाबाने छापलेला कागद आणि कॅलेंडर शेजारी धरून एकेक ओळ बोटाने तपासली. त्यात पंधरा मिनिटं गेली. शेवटी म्हणाला, "नवमीला पाव तास चुकलीस." तो माझ्यावर खूश होता. नाखूश असता तर चूक सांगितलीच नसती.

तेव्हापासून रविवारची वाट मी बघायची की तो, हे सांगता येणार नाही. आत्या म्हणायची, "बापलेक पानी कांडतात, त्यातून पीठ कदी पडनार?" पण चहा न मागता द्यायची.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला आम्ही पहिली खूण ठोकली. सरांनी विचारलं, नाव काय द्यायचं? मी म्हटलं, नारळी पौर्णिमा, दुसरं काय? फ्लॉप्या काढल्या, सोबत सगळा प्रोग्राम उघडा, आणि एक चिठ्ठी: घ्या, वाटा, आपापल्या खाडीप्रमाणे बदला, बदललेलं आम्हाला कळवा. कारखान्यात केळव्याचे, सातपाटीचे, डहाणूचे लोक होते, त्यांनी नेल्या. सरांनी इंटरनेटवर कुठेतरी ठेवला. दोन महिन्यांनी रत्नागिरीकडून एका माणसाची फ्लॉपी टपालाने आली, त्याने आपल्या खाडीच्या दुरुस्त्या घातल्या होत्या आणि तुमच्या तांडेलाला हे पटतं का, असं विचारलं होतं. बाबाला सांगितलं तर म्हणाला, "त्याला विचार, तितं मुखाला खडक हाय का रेती?" तीन रविवार त्याने तेच विचारलं. बोट सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी परक्या माणसाने त्याला पाण्याबद्दल विचारलं होतं, आणि त्याला उत्तर बिनचूक द्यायचं होतं.

दादा वर्षभर त्या खुणेच्या कागदावर बोट आत आणत होता. मी रविवारी नवीन दुरुस्त्या आणतच होते, पण त्या आत साठत होत्या, पुढच्या पौर्णिमेसाठी.

दुसऱ्या वर्षी पावसाळा ओसरत आला तसा बाबा काठी टेकत किनाऱ्यावर गेला, चार दिवस बसला आणि घरी येऊन त्याने सांगितलं, यंदा रेती फार सरकलीय. भांगाला भरतीच्या आधी तासभर आलात तरी चालेल. मी वहीत लिहिलं. गेले काही महिने तो असंच काहीसं सांगत होता, आधी निघ, आधी निघ. सोमवारी सरांनी विचारलं, "मागच्या वेळांशी पडताळून बघितलं का?"

मी म्हटलं, "बाबाचा शब्द आहे."

सर गप्प बसले. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ते गप्प बसले नसते. पण वर्षभर माझ्याकडून तांडेल, तांडेल ऐकून त्यांनाही तो शब्द मोडवेना. मी खूण ठोकली, फ्लॉप्या वाटल्या, कागद छापून दादाला दिला. वर मोठेपणा मिरवत सरांना नारळाची करंजीही खायला घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अष्टमीला दादा कागदाप्रमाणे तासभर आधी दांड्यावर आला. दांड्यावर पाणी नव्हतं. बोट रेतीत बसली, मागून लाटा येऊन तिला कलंडवू लागल्या, तळाची एक फळी फुटली. माणसं छातीभर पाण्यातून चालत आली. सगळी आली, हे पुन्हा लिहिते, सगळी आली. भरतीनंतर चार बोटींनी मिळून ती ओढून काढली. दादाला मी विचारलं, तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही का? तो म्हणाला, "दिसलं. पन बाबानं पानी बगून सांगितलेलं. मला वाटलं, माजंच चुकतं."

बाबा ओट्यावर उभा होता. "काय झालं?"

"इंजिन बंद पडलं," दादा म्हणाला.

"मंग बरं," बाबा म्हणाला, आणि आत जाऊन कॅलेंडरासमोर उभा राहिला. आत्याने माझ्याकडे बघितलं. ती दोन-तीन महिने काहीतरी सांगायला बघत होती. बाबा दुपारी जेवून पुन्हा ताट मागतो, शेजारणीला ओळखत नाही, असलं काहीबाही. मी दर वेळी, म्हातारपण गं, म्हणून उडवून लावलं होतं. मला रविवारी त्याच्याकडून दुरुस्त्या न्यायच्या होत्या ना.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, खूण गुपचूप मागे घेऊ. गेल्या वर्षीच्या आवृत्तीवर सरकवू. कुणाला कळायचं नाही, बाबाचं नावही जाणार नाही.

ते म्हणाले, "ज्यांनी फ्लॉपी नेली ते त्या नावावर विश्वास ठेवून आहेत. खूण सरकवायची नाही. चुकीची आहे असं कळवायचं आणि नवी ठोकायची." मग म्हणाले, "पण नवी कशावर ठोकायची, ते तुम्हाला शोधावं लागेल."

म्हणजे मला शोधायचं होतं, बाबा कुठवर बरोबर होता.

सगळं मागे टाकून थेट गेल्या नारळी पौर्णिमेला जाता आलं असतं. पण मधल्या कितीतरी रविवारच्या दुरुस्त्या खऱ्या होत्या, त्या फुकट गेल्या असत्या. सरांनी रीत शिकवली: मधली आवृत्ती काढा. ती बरोबर असली तर चूक पुढे, चुकली तर मागे. मग उरलेल्याच्या मधली. मी घरून गेल्या वर्षीचं आणि यंदाचं कॅलेंडर आणलं, दादाने खरडलेल्या वेळा आणि दुधाच्या लिटरांसकट. एकेक जुनी आवृत्ती काढून मागच्या तारखांवर चालवायची आणि कॅलेंडराशी ताडून बघायची. दिवाळीची बरोबर. वैशाखातली चूक. मकरसंक्रांतीची बरोबर. होळीची बरोबर. गुढीपाडव्याची चूक, थोडीशी, वीस मिनिटांची.

चार दिवसांत दोन रविवार उरले. होळीनंतरचा पहिला बरोबर, दुसरा चूक.

त्या बरोबर रविवारची नोंद मी उघडली. इतर नोंदी दोन-दोन, तीन-तीन ओळींच्या होत्या, बाबाच्या म्हणींनी भरलेल्या. या नोंदीत एवढंच होतं: "दशमीला दहा मिनिटं वाढवली." बस्स. मला आठवलं. त्या दिवशी खोलीवरच्या मैत्रिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि मी एक एसटी आधीची पकडली होती. बाबा पुढे काहीतरी सांगत होता. मी म्हटलं होतं, "फुडच्या रविवारी सांग." तो म्हणाला होता, "बरं."

पुढच्या रविवारी सांगायला तो तिथे नव्हता. होता ओट्यावरच, चहा पीत, माझ्याशी बोलत, आणि मला पत्ता नव्हता. मशीनसमोर बसून मी ढसाढसा रडले, जेवणाची सुट्टी संपून लोक जागेवर आले तरी रडत होते. कितीही मागची आवृत्ती मागा, तो प्रोग्राम एका क्षणात काढून द्यायचा. मला फक्त त्या रविवारची दुपार हवी होती, आणि साडेचारच्या ऐवजी साडेपाचची एसटी.

मी त्या रविवारवर नवी खूण ठोकली. सगळ्यांना पत्रं लिहिली, यंदाच्या पौर्णिमेची खूण वापरू नका, ही वापरा, चूक माझी आहे. 'बाबाची' असं लिहायला हात वळला नाही, आणि ते खरंही नव्हतं. पडताळून न बघण्याची चूक माझीच.

राहिला बाबा. तो रविवारी वाट बघतच होता. "आज काय विचारायचं ते विचार." मी वही काढायची. सरांनी तोडगा सांगितला. मूळ रस्त्याला फाटा फुटतो तसा आवृत्त्यांनाही फाटा फोडता येतो. त्या फाट्यावर घातलेलं मूळ प्रोग्रामला लागत नाही. मी बाबाच्या नावाने फाटा काढला आणि तो जे म्हणेल ते त्यावर घालत गेले. कुणी वापरणार नव्हतं. "माजं बोलनं मशीनमदे घातलंस ना?" असं तो विचारायचा, तेव्हा "घातलं" म्हणताना मला खोटं बोलावं लागू नये, एवढ्यासाठीच.

त्या नोंदी अजून आहेत. "बाबा म्हनतो, उत्तरेच्या वाटेनं ये, देवळाचा कळस डाव्या हाताला ठेव." "बाबा म्हनतो, अष्टमीला तासभर आदी निघ, पानी हाय, भिऊ नको." "बाबा म्हनतो, घाई कर, ती बंदरावर उभी आसंल." बंदरावर टोपली घेऊन आत्याच उभी राहायची, म्हणून मी ती आत्या समजले.

एकदाच मी त्याला खोडून काढलं. कारखान्यात दिवस वाईट गेला होता, एसटी उशिरा आली होती, आणि त्याने पुन्हा उत्तरेची वाट सांगितली. मी तडकले. "बाबा, तितं वाट नाय. निसती रेती हाय. तू चुकतोस." तो माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या हातांकडे. त्या दिवशी त्याने पुढे काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी विसरून पुन्हा सांगू लागला. मी मात्र विसरले नाही.

दोन वर्षांनी, थंडीत, बाबा गेला. आजारी वगैरे नव्हता. सकाळचा चहा घेतला आणि ओट्यावर बसल्या बसल्या गेला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले, सवयीने वही घेऊनच. बाबाच्या जागेवर बसवेना, म्हणून आत्याजवळ चुलीपाशी बसले. ती बोंबील निवडत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला वहीतलं वाचून दाखवू लागले. कधी हसू यायचं, कधी नाही. उत्तरेची वाट आली तेव्हा मी म्हटलं, "बग ना, शेवटी शेवटी काय काय बोलायचा. जितं वाट नाय तितं वाट."

आत्याचा हात थांबला. "नाय कशी? व्हती ना."

"कदी?"

"तुज्या आयशीला लगीन करून आनली तवा तीच वाट व्हती. उत्तरेकडनं. चांगली खोल, भांगालाबी बोट यायची, तासभर आदी. देवळाचा कळस डाव्या हाताला. मंग एका पावसात रेती आली न् बुजली. तू तीन वर्सांची असशील." ती पुन्हा बोंबील निवडू लागली. "तुजी आय बंदरावर उभी रायची. तुला कडंवर घेऊन. मी वरडायची तिला, पोरीला वारं लागंल. ती काय ऐकते? न् हा येडा तासभर आदीच बोट घालायचा आत."

मी वही मिटली. मला ती वाट आठवत नाही, आईची कड आठवत नाही, वारा आठवत नाही. मी त्या सगळ्यात होते, आणि त्यातलं काही माझ्याकडे नाही. ते फक्त बाबाकडे होतं. दर रविवारी तो मला तेच सांगत होता, आणि मी वहीत लिहून, चूक म्हणून फाट्यावर टाकत होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मशीनपाशी बसले. सर डबा उघडून शेजारी आले, माझा चेहरा बघून उठून गेले. मी बाबाचा फाटा उघडला. त्यातल्या दुरुस्त्यांना कधी हात लावला नव्हता, तेव्हाही लावला नाही. प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ असते, ही आवृत्ती कोणत्या सालाच्या पाण्यासाठी आहे ते सांगणारी. ती तेवढी बदलली. चालू साल खोडून मी जन्मले ते साल घातलं. मग त्या फाट्यावर खूण ठोकली, पहिली आणि शेवटची, न सरकणारी. तिचं नाव उत्तरेची वाट.

प्रोग्रामने त्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, काय बदललं?

मी लिहिलं: बाबा बरोबर होता. साल माझं चुकलं.